उरलेले अन्न आणि शहरातील भूक : मुंबईच्या अनुभवाच्या आधारे एक विवेचन

एकाच शहरात एकाच रात्री काही ठिकाणी शिजलेले अन्न टाकून दिले जाते आणि काही घरांत चूल पेटत नाही, ही वस्तुस्थिती मनाला बोचणारी आहे. तिच्यातून एक अनुमान सहज निघते. जेथे अन्न उरते तेथून ते उचलून जेथे कमी पडते तेथे पोहोचविले, म्हणजे नासाडी व भूक हे दोन्ही प्रश्न एकाच कृतीने सुटतील, असे ते अनुमान होय. गेल्या काही दशकांत जगातील बहुतेक मोठ्या शहरांत या विचाराने प्रेरित झालेल्या संस्था निघाल्या आणि काही देशांत त्यासाठी कायदेही झाले. त्या कार्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. तथापि, मूळ अनुमान कितपत बरोबर आहे, हा प्रश्न स्वतंत्रपणे तपासावयास हवा. कारण त्याच्या उत्तरावर शहराच्या अन्नधोरणाची दिशा अवलंबून राहते.

संज्ञांचा अर्थ

प्रथम तीन संज्ञांतील भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. शेतातील कापणीपासून किरकोळ विक्रीपर्यंतच्या टप्प्यात जे अन्न नष्ट होते, त्यास ‘अन्नहानी’ म्हणावे. दुकान, उपाहारगृह व घर या अखेरच्या टप्प्यात जे टाकले जाते, ती ‘नासाडी’. आणि खाण्यास योग्य असूनही ज्याला ग्राहक किंवा जेवणारा उरला नाही, ते ‘शिलकी अन्न’. नासाडीत फळांच्या साली, हाडे, ताटात उष्टे टाकलेले अन्न, हे सर्व येते. शिलकी अन्नात यांपैकी काहीही येत नाही. दुसऱ्याच्या मुखी लागू शकते ते केवळ शिलकी अन्न.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगातील सुमारे १३ टक्के अन्न किरकोळ विक्रीपूर्वीच नष्ट झाले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, ग्राहकांना उपलब्ध झालेल्या अन्नापैकी सुमारे १९ टक्के, म्हणजे १०५ कोटी टन अन्न २०२२ साली वाया गेले. यापैकी ६३.१ कोटी टन घरांतून, २९ कोटी टन उपाहारगृहे व तत्सम सेवांतून आणि १३.१ कोटी टन किरकोळ दुकानांतून गेले. भारतातील घरगुती नासाडी दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलोग्रॅम असल्याचा अंदाज याच अहवालात दिला आहे. जगाची सरासरी ७९ किलोग्रॅम आहे.

या आकड्यांचा उपयोग सभा-संमेलनांतून वारंवार केला जातो. टाकलेल्या अन्नाच्या राशीला एका माणसाच्या आहाराने भागून ‘इतक्या कोटी लोकांचे पोट भरले असते’ असा निष्कर्ष काढला जातो. ही भागाकाराची रीत भ्रामक आहे. नासाडीचा तीनपंचमांश भाग घरांतून, दोन चपात्या किंवा वाटीभर भात अशा लहान लहान परिमाणांत होतो. तो गोळा करणे कोणत्याही संस्थेच्या आटोक्यातले नाही. उरलेल्या भागातून साली-देठे व उष्टे वजा केल्यावर जे शिल्लक राहते, तेवढेच वाटपास योग्य. म्हणजे नासाडीचा प्रश्न जेवढा विशाल आहे, तेवढी वाटपाची शक्यता विशाल नाही.

शहरात अन्न कोठे उरते

मुंबईसारख्या शहरात अन्न उरण्याची स्थाने प्रामुख्याने तीन : घाऊक बाजार, दुकान आणि मोठा स्वयंपाक. प्रत्येक ठिकाणी अन्न उरण्याचे कारण निराळे आहे.

घाऊक भाजीपाला व फळे यांचा बाजार मुंबई शहरातून वाशी येथे हलविण्यात आल्याला आता बरीच वर्षे झाली. तेथे पहाटे येणारा माल दुपारपर्यंत विकला गेला नाही, तर त्याचा भाव घसरत जातो. पालेभाज्यांच्या बाबतीत ही घसरण काही तासांची असते. या उतरलेल्या मालाला शहरात ठरलेले गिऱ्हाईक आहे. लहान फेरीवाले, खानावळी चालविणाऱ्या स्त्रिया आणि हातगाडीवर खाद्यपदार्थ विकणारे तो विकत घेतात. रेल्वे स्थानकांबाहेर संध्याकाळी उशिरा जमिनीवर मांडलेले भाजीचे ‘वाटे’ हे याच साखळीचे शेवटचे टोक होय. शिलकी अन्नाचे पुनर्वितरण ही नवी कल्पना असल्याचे मानले जाते. परंतु बाजाराने ते अल्प भावात, परंतु भीक न मागायला लावता, पूर्वीपासून केलेले आहे.

किरकोळ दुकानाची स्थिती वेगळी आहे. आपल्याकडील बहुसंख्य वाणसामान अजूनही लहान किराणा दुकानांतून विकले जाते. थोडा माल आणून लवकर खपविणे हीच या दुकानदाराची पद्धत असल्याने त्याच्याकडे शिल्लक फारशी राहत नाही. फ्रान्सने २०१६ साली केलेल्या कायद्याने ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या खाद्यवस्तूंच्या दुकानांना न विकलेले खाद्य धर्मादाय संस्थांना देण्याचा करार करणे बंधनकारक केले आणि खाण्याजोगे अन्न जाणूनबुजून खराब करण्यास मनाई केली. तो कायदा तेथील व्यापाराच्या स्वरूपास अनुरूप आहे. तो जसाच्या तसा येथे आणल्यास त्याच्या कक्षेत शहरातील विक्रीचा मर्यादित भागच येईल.

राहिला मोठा स्वयंपाक : विवाह, धार्मिक व सार्वजनिक भोजने, तारांकित उपाहारगृहे. येथे अन्न उरण्याचे कारण मुख्यतः दुहेरी आहे. किती माणसे जेवतील हे निश्चित ठाऊक नसते, आणि पंगतीत पदार्थ कमी पडणे ही यजमानाची अप्रतिष्ठा समजली जाते. अनिश्चितता आणि लौकिकाची भीती यांच्या संयोगातून अन्न मुद्दाम जास्त शिजविले जाते. म्हणजे ही शिल्लक अपघाताने पडत नाही. ती यजमानाने अप्रतिष्ठेविरुद्ध उतरविलेल्या विम्याचा हप्ता असते.

याच्या नेमके उलट उदाहरण मुंबईच्या खानावळीचे आहे. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना घरगुती जेवण पुरविणाऱ्या स्त्रिया महिन्याच्या हिशेबाने जेवणारे बांधून घेत. रोज किती ताटे लागणार, कोण किती खाणार, हे त्यांना माहीत असे. म्हणून पैशाचे भांडवल नगण्य असूनही त्यांचा व्यवहार चालत असे. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली स्थापन केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ याच स्त्रियांच्या संघटनेतून उभे राहिले. जेथे जेवणारा निश्चित असतो, तेथे अन्न उरत नाही, हा या उदाहरणाचा अर्थ पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

शिजलेल्या अन्नाची कालमर्यादा

शिलकी अन्न उचलून नेण्याच्या कार्यास निसर्गाने एक कठोर मर्यादा घातली आहे. शिजविलेले अन्न सुमारे ५ अंश ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात राहिले, तर त्यातील जंतू वेगाने वाढतात. भाताच्या बाबतीत धोका विशेष आहे. ‘बॅसिलस सीरियस’ या जंतूचे बीजाणू तांदूळ शिजविल्यानंतरही जिवंत राहू शकतात. भात कोमट अवस्थेत काही तास राहिल्यास ते रुजतात आणि त्यांच्यापासून निर्माण होणारे, वांती घडविणारे विष भात पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. विवाहाचे भोजन रात्री अकराच्या सुमारास आटोपते; त्या वेळी ज्यांना अन्नाची गरज आहे ते बहुधा झोपी गेलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते अन्न सुरक्षित ठेवावयाचे, तर शीतगृह, झाकणबंद भांडी, वाहन आणि जबाबदार माणसे यांची आवश्यकता असते. उरलेले अन्न फुकट मिळते. ते पोहोचविणे फुकट होत नाही.

या अडचणींवर मात करण्याचे प्रयत्न अनेक ठिकाणी झाले. अमेरिकेतील फीनिक्स येथे जॉन व्हॅन हेंगेल यांनी १९६७ साली पहिली अन्नपेढी स्थापन केली. सद्भावनेने अन्न देणाऱ्यास दिवाणी व फौजदारी दायित्वापासून संरक्षण देणारा कायदा अमेरिकेत १९९६ साली झाला. इटलीने २०१६ साली दानाची प्रक्रिया सुलभ करणारा कायदा केला. मिलान शहराने २०१९पासून वस्तीवस्तीत लहान संकलनकेंद्रे उघडून वाहतुकीचे अंतर कमी केले. भारतात अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने शिलकी अन्नाच्या संकलन व वितरणासंबंधीचे विनियम २०१९ साली प्रसिद्ध केले. मुंबईत माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांच्या पुढाकाराने २०१७च्या अखेरीस ‘रोटी बँक’ सुरू झाली. उपाहारगृहे व समारंभांतून उरलेले अन्न गरजूंपर्यंत नेण्यासाठी तिने डबेवाल्यांचे साहाय्य घेतले. अशा कार्यांनी अनेक माणसांच्या पोटात एरवी कचऱ्यात गेले असते ते अन्न घातले, याबद्दल शंका नाही.

शिल्लक आणि गरज यांचा मेळ

तरीही मूळ प्रश्न उरतो. शिलकी अन्न हे शहरातील भुकेचे उत्तर आहे काय? याचा निर्णय करण्यासाठी शिलकीचे कालमान व गरजेचे कालमान यांची तुलना केली पाहिजे.

समारंभांतील शिल्लक लग्नसराईत वाढते आणि चातुर्मासात घटते. उलट, नाक्यावर उभे राहून रोजंदारीचे काम मिळविणाऱ्या मजुराचे हाल पावसाळ्यात अधिक होतात, कारण बांधकामे मंदावतात आणि कामाचे दिवस घटतात. म्हणजे ज्या महिन्यांत गरज वाढते, त्याच महिन्यांत समारंभांतली ही शिल्लक आटते. शिलकीचा प्रवाह संपन्नतेमागून चालतो. भूक विपन्नतेमागून चालते. दोहोंचा मेळ बसणे हा योगायोग असतो.

या विधानाची कसोटी २०२० साली लागली. मार्च महिन्याच्या अखेरीस देशभर टाळेबंदी जाहीर झाली. उपाहारगृहे बंद पडली, विवाह थांबले, कचेऱ्यांतील भोजनालये रिकामी झाली. साहजिकच शिलकी अन्नाचे हे झरे एकाएकी आटले. त्याच दिवसांत रोजंदारी बुडालेल्या लक्षावधी माणसांची भूक कधी नव्हे इतकी तीव्र झाली. मुंबईतून हजारो कुटुंबे पायी निघाली. स्वयंसेवी संस्थांनी त्या काळात जे वाटले, ते मुख्यतः विकत घेतलेले वा दानात मिळालेले धान्य आणि त्यातून ताजे शिजविलेले अन्न होते. गरज सर्वांत मोठी असताना शिल्लक सर्वांत लहान होती. संकटकाळी ज्यावर विसंबता येत नाही, त्याला सुरक्षा हे नाव देता येत नाही.

याखेरीज दोन गोष्टी विचारात घेण्याजोग्या आहेत. समारंभात उरते ते बहुधा भात, तळलेले पदार्थ व मिष्टान्न. वाढत्या मुलास व गर्भवती स्त्रीस हवे असते ते डाळ, दूध, अंडी व भाजी, आणि तेही रोज. दुसरे असे की, दानात घेणाऱ्यास काय मिळावे, केव्हा मिळावे, याबद्दल काही म्हणण्याचा अधिकार नसतो. देणाऱ्याने हात आखडला, तर दाद मागण्यास स्थान नाही.

१९४३ चा धडा

दान व हक्क यांतील हा भेद मुंबईला नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली जपानने ब्रह्मदेश जिंकल्यावर तेथून येणारा तांदूळ बंद झाला. अन्नधान्याच्या बाबतीत तुटीच्या असलेल्या मुंबई इलाख्यावर त्याचा परिणाम तत्काळ झाला. दुकानांपुढे रांगा लागल्या. १९४३च्या मे महिन्यात मुंबई शहरात शिधावाटप सुरू करण्यात आले. शिधापत्रिकेमुळे शहरातील रहिवाशाला, मग तो गिरणीकामगार असो वा व्यापारी, ठरलेल्या भावाने ठरलेले धान्य मिळण्याचा अधिकार प्राप्त झाला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांनी त्या काळात नियंत्रित वितरणाचा आग्रहाने पुरस्कार केला होता.

त्याच वर्षी बंगालमध्ये महादुष्काळ पडला. १९४५च्या अधिकृत चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख मानली. पुढील अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. खेड्यांतून कलकत्त्यात आलेल्या निराधारांसाठी पातळ पेज वाटणारी अन्नछत्रे उघडण्यात आली, परंतु ती उशिरा व अपुरी होती. कलकत्त्यात सार्वत्रिक शिधावाटप सुरू झाले ते १९४४च्या जानेवारीअखेर. दोन प्रांतांची परिस्थिती सर्वस्वी सारखी नव्हती, हे खरे. बंगालमध्ये युद्धाघाडीचे सान्निध्य, नौका व तांदूळ हलविण्याचे लष्करी धोरण व चक्रीवादळ अशी अन्य कारणेही होती. परंतु अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, अन्न असणे आणि अन्न मिळविण्याचा अधिकार असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत; माणसे मरतात ती दुसऱ्या गोष्टीच्या अभावी. शहरातील शिलकी अन्नाचा विचार करताना हा भेद नजरेआड होतो. शहरात अन्न कमी नाही, हे नासाडीवरून सिद्धच होते. कमी आहे ती भुकेल्या माणसाची क्रयशक्ती.

आजची व्यवस्था

२०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने हा अधिकार देशव्यापी केला. त्यानुसार देशाच्या नागरी लोकसंख्येपैकी ५० टक्क्यांपर्यंत व ग्रामीण लोकसंख्येपैकी ७५ टक्क्यांपर्यंत लोकांना अनुदानित धान्य मिळावयाचे असून, प्राधान्य कुटुंबास दरडोई दरमहा ५ किलोग्रॅमचे प्रमाण ठरले आहे. २०२३च्या जानेवारीपासून हे धान्य विनामूल्य दिले जाऊ लागले. मात्र लाभार्थींची संख्या २०११च्या जनगणनेवर आधारलेली राहिली. त्यानंतर शहरात आलेला, भाड्याच्या खोलीत किंवा बांधकामाच्या जागी राहणारा मजूर तिच्यातून सहज निसटतो. कोणत्याही राज्यातील शिधापत्रिका अन्यत्र चालावी अशी योजना २०१९पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि स्थलांतरित मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ती सर्व राज्यांत अमलात आणण्याचा आदेश दिला. तरीही ज्याच्यापाशी चूल व इंधन नाही, त्याला कोरडे धान्य पुरेसे होत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा मार्ग स्वस्त शिजलेल्या अन्नाचा. चेन्नई महानगरपालिकेने २०१३ साली ‘अम्मा उणवगम’ ही भोजनालये उघडली. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० रोजी ‘शिवभोजन’ योजनेचा आरंभ झाला. दहा रुपयांच्या थाळीत दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १५० ग्रॅम भात व १०० ग्रॅम वरण असे प्रमाण ठरवून देण्यात आले, आणि उरलेली किंमत शासनाने अनुदान म्हणून द्यावयाची असे ठरले. टाळेबंदीच्या काळात थाळीची किंमत पाच रुपये करण्यात आली. येथे खानावळीचे उदाहरण पुन्हा आठवावे लागते. थाळ्यांची संख्या व पदार्थांचे वजन आधी ठरलेले असल्याने अशा स्वयंपाकघरात फारसे काही उरण्याचे कारण नाही. जेवणाऱ्याचा हक्क निश्चित केला की नासाडीही आपोआप घटते, असा हा दुहेरी लाभ आहे.

अन्नवाटपाचे योग्य स्थान

वरील विवेचनावरून शिलकी अन्न गोळा करणे निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. टाकले जाणारे प्रत्येक ताट जमीन, पाणी व श्रम यांचा व्यय असते. शिवाय ओला कचरा क्षेपणभूमीत कुजून मिथेन वायू निर्माण करतो. १९२७पासून वापरात असलेल्या देवनारच्या क्षेपणभूमीला २०१६च्या जानेवारीत लागलेल्या आगीचा धूर मुंबईकरांनी कित्येक दिवस सोसला. म्हणून पहिले पाऊल उत्पत्तिस्थानीच शिल्लक कमी करण्याचे. दुसरे, जे उरेल ते सुरक्षित रीतीने जवळच्या आश्रयगृहात, वसतिगृहात किंवा रुग्णांच्या नातेवाइकांच्या निवाऱ्यात, म्हणजे जेथे जेवणाऱ्यांची संख्या निश्चित आहे अशा ठिकाणी, पोहोचविण्याचे. आणि तिसरे, खाण्यास अयोग्य असेल ते खत वा वायू यांसाठी वापरण्याचे.

मात्र या कार्याची नोंद नासाडी-निवारणाच्या खात्यात व्हावी, अन्नसुरक्षेच्या खात्यात नव्हे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ जॅनेट पॉपेनडीक यांनी ‘स्वीट चॅरिटी?’ या १९९८च्या ग्रंथात असे दाखवून दिले आहे की, अन्नपेढ्यांचे जाळे जसजसे पसरत गेले, तसतशी शासनाच्या जबाबदारीची जाणीव समाजात क्षीण होत गेली. दानशूरतेचे समाधान लाभल्याने हक्काची मागणी मंदावते. आपल्याकडेही वाटलेल्या ताटांचे आकडे वाढत असताना शिधापत्रिकेबाहेर राहिलेल्यांचे आकडे दृष्टीआड होण्याचा धोका आहे.

या क्षेत्रात संशोधनास मोठा वाव आहे. मंगलकार्यालयांतील शिल्लक पातेल्यातील, वाढपातील व ताटातील अशा तीन भागांत प्रत्यक्ष वजन करून मोजणे; नाक्यावरील मजुरांचे कामाचे व उपासाचे दिवस महिनावार नोंदविणे; आणि या दोन मालिका शेजारी ठेवून पाहणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. शिल्लक व गरज यांचा मेळ कोणत्या महिन्यांत, कोणत्या वस्तीत व कितपत बसतो, हे अशा मोजणीवरून ठरविता येईल. आणि उरलेल्या दिवसांची जबाबदारी शिधा व स्वस्त भोजन यांच्याद्वारे शहराने व शासनाने किती उचलावयाची, याचा हिशेबही त्याच नोंदींवरून मांडता येईल.